पाणी नको म्हणणारं झाड

झाडाला पाणी घालायचं नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला लई दिवस लागले. जन्म गेला पाणी देण्यात. मोट बघितली, डिझेलचं इंजिन बघितलं, मोटर बघितली, आता ठिबक आहे. पाणी दिलं की पीक उठतं, नाही दिलं की माना टाकतं, एवढंच माझं शिक्षण. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही सलग नाही. पण शेतातलं मला शिकवावं असा माणूस आमच्या लोहारा तालुक्यात नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगतो.

हे झाड आणलं आमच्या म्हातारीनं, माझ्या बायकोनं. तवा ती म्हातारी नव्हती, तरतरीत होती. नळदुर्गला एका लग्नाला गेली होती. तिथं हायवेला ढाब्याच्या बाजूला एक नर्सरी आहे. एसटीतून उतरली ती मांडीएवढी काळी पिशवी पोटाशी धरून. पिशवीत खाली कांद्यासारखा फुगलेला बुंधा, वर दोन फांद्या आणि टोकाला चार पानं. मला वाटलं, मुळ्यालाच डोकं फुटलंय.

"हे काय आणलंस?"

"अडेनियम म्हणत्यात. आफ्रिकेतलं हाय."

"आफ्रिकेतनं यायला त्याला आपलंच दार घावलं व्हय?"

मी एक पान तोडून बघितलं. पांढरा चीक आला. मग तर मला बोलायला जागाच मिळाली. आमच्यात चिकाचं झाड दारात लावत नाहीत. रुई देवळामागं, निवडुंग बांधावर. तसं मी तिला सुनावलं.

ती म्हणाली, "तुमच्या आयनं पिवळी कण्हेर लावली हुती दारात. तिला काय ताक येत हुतं का?"

मी जरा जोरात खाकरलो आणि शेताकडं गेलो.

तिनं ते झाड ओट्यावर ठेवलं, दाराच्या उजव्या हाताला, जिथं दिवसभर ऊन तापतं. नर्सरीवाल्यानं सांगितलं तसंच सगळं केलं. माती थोडी, मुरूम जास्त, ओढ्याची जाड वाळू, कौलांचे आणि विटांचे तुकडे. कुंडीच्या बुडाला भोकं. पाण्याबद्दल त्यानं तिला म्हटलं होतं, "ह्याला विसरायला शिका, मावशी. आठवण आली की घालायचं, असं केलं तर सडतंय." ती घरी आल्यावर हे हसून सांगायची.

आता आमच्या घरात पाण्याची एक रीत आहे. टँकरची वाट बघत दिवस काढलेली माणसं आम्ही. म्हणून उरलेलं पाणी वाया घालवायचं नाही, झाडाच्या बुडात घालायचं. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं शेवग्याला. पाहुणा पाणी पिऊन पेल्यात घोटभर ठेवून गेला तर तो घोट जास्वंदीला. ही रीत तिनं माझ्या आईकडून घेतली आणि सुनेला दिली. घरात कुणी पाणी पिऊन पेला तसाच ठेवला की ती म्हणायची, "त्या झाडाला तोंड असतं तर तुमाला शिव्या दिल्या असत्या."

फक्त ह्या एका कुंडीत ती थेंब पडू देत नव्हती. चार-आठ दिवसांनी बुंधा अंगठ्यानं दाबून बघायची. टणक लागला तर हात झटकून आत जायची. जरा नरम लागला तर अर्धा तांब्या. थंडीत पानं गळून पडायची, नुसता बोडका बुंधा राहायचा. तवा मी म्हणायचो, "मेलं तुझं आफ्रिकन." ती म्हणायची, "झोपलंय."

आणि खरंच, वैशाखात जमीन भेगाळली, लिंबाखाली कुत्री जिभा काढून पडली, की ह्याला ऊत यायचा. गुलाबी फुलं, आत पांढरी होत गेलेली, पानापेक्षा फूल जास्त. रस्त्यानं जाणारी बाई थांबायचीच. "काकू, ह्याला काय घालता?" "काहीच घालत न्हाय," असं ती इतक्या तोऱ्यात सांगायची की बाईला वाटायचं ही खताचं नाव लपवती. मी कधी चांगलं म्हटलं नाही. पण अंगठ्यानं बुंधा दाबायला मीही शिकलो होतो.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत मीठ दोनदा. मग एक दिवस दुपारी मला म्हणाली, "सासूबाई उठल्या का बघा, चहा टाकते." माझी आई जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं थट्टा करते. तिच्या तोंडाकडं बघितलं तर थट्टा नव्हती. पोरानं सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर चांगला होता, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. म्हणाला, हे वाढत जाणार. गोळ्यानं जरा सावकाश वाढेल. मी विचारलं, बरं कधी होईल? तर तो माझ्या पोराकडं बघायला लागला.

तिच्या डोक्यातून काय काय गेलं ते कसं सांगावं. नातवाचं नाव गेलं, वार गेला, चुलीवर काय ठेवलंय ते गेलं. पण उरलेलं पाणी झाडाला घालायचं, हे काही गेलं नाही. कोणत्या झाडाला घालायचं नाही, तेवढं गेलं. दारातून बाहेर आलं की पहिलं झाड तेच. भांडं विसळलं की त्याला, पेला धुतला की त्याला. पुढं पुढं तर उरण्याची वाट बघणंही संपलं. माठातून तांब्या भरायचा आणि ओट्यावर जायचं. घालून आली की आत येऊन उभी राहायची, आणि परत तांब्या भरायची.

"अगं, आत्ता घातलंस की."

"कुठं घातलं? सकाळधरनं तहानलंय ते."

"ह्या झाडाला पाणी नको असतं. तूच सांगत हुतीस."

"पाणी नको असतंय व्हय कुणाला," असं म्हणून ती माझ्याकडं असं बघायची, जसा मी कसाई.

दिवाळीच्या सुमाराला पानं पिवळी पडली. त्या दिवसांत पानं गळतातच म्हणून मी दुर्लक्ष केलं. एक दिवस सहज अंगठा लावला. अंगठा आत गेला. पिकून गेलेल्या पेरूत जातो तसा.

तांब्या लपवला. तर ती वाटीनं घालायला लागली. वाट्या उचलल्या तर ओंजळीनं. ओंजळीतलं वाटंतच सांडतं, म्हणून तोंडात धरून आणायला लागली. गाल फुगवून घाईनं ओट्यावर जाणारी बाई बघून सुनेला हसू आलं, मलाही आलं, आणि मग दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही.

सुनेला म्हटलं, "हिच्यावर ध्यान ठेव."

"मामा, दिवसभर आत्यांच्या मागं फिरू का भाकरी थापू?"

"दोन्ही कर."

"मग भाकरी तुमी थापा."

ती पोरगी वाईट नाही. तिचं बरोबरच होतं. मी ओट्यावर जाऊन बसलो. राखणीला पाखरं हाकायला बसतो तसा. पण माणूस किती बसणार? लघवीला उठलो तेवढ्यात कुंडी परत ओली.

झाड कुंडीतून उपसलं. खालचा भाग काळा, वास सुटलेला. विळ्यानं सडकं कापत गेलो, पांढरं लागेपर्यंत. अर्धा बुंधा गेला. कापल्या जागी हळद आणि चुना चोळला आणि पिशवीत घालून नळदुर्गची एसटी धरली. नर्सरीवाला आता प्रौढ झालाय. त्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं.

"काका, पाणी लई झालंय."

"ते मला कळतंय. पाणी बंद करायचं औषध सांग."

"झाडाला कशाला औषध? नुसतं घालू नका."

"झाडाला न्हाय," मी म्हटलं.

त्यानं बुंधा हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाला, "उलटं टांगून वाळवा, काका. जखम वाळली की कोरड्या मुरमात लावा. आणि उंचावर ठेवा कुठंतरी." चहा पाजला त्यानं. मी पेल्यात काही ठेवलं नाही.

उंचावर म्हणजे आमच्या स्लॅबवर. तिचे गुडघे धरलेले, जिना तिला चढत नाही. झाड वाळवून, नव्या मुरमात लावून वर नेलं, लपवलेला तांब्या परत माठावर ठेवला आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी तुरीत होतो. सून धावत आली. "मामा, आत्या घरात न्हाईत."

ओटा बघितला, मागचा परसू बघितला, शेजारपाजार बघितला. सगळ्यांनी एकच सांगितलं. आली होती, आमचं झाड इकडं आणलंय का विचारत होती. पोरगा मोटरसायकल घेऊन एका बाजूला, मी पायी दुसऱ्या बाजूला. माझे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि तरी अंतर काही सरत नव्हतं. विहीर आली की आत डोकावायचं. डोकावताना काय दिसेल ते मनात आधीच दिसायचं.

फाट्यावर सापडली. जीपवाल्यानं जीप थांबवून तिला सावलीत बसवलं होतं. जीपमधली माणसं खाली उतरून उभी होती, कुणीही कुरकुर केली नाही. तिच्या हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला. एवढ्या वाटेवर तिनं थेंबही सांडू दिला नव्हता.

"मावशी झाड हुडकत्यात म्हनं," जीपवाला म्हणाला. "म्या म्हनलं हितं लई झाडं हायती, घाला कुठल्याबी झाडाला. तर न्हाय म्हणत्यात."

घरी आणली. संध्याकाळी मी स्वतः कुंडी उचलून खाली आणली आणि ओट्यावर जिथली तिथं ठेवली. तिनं बघितलं, "आलं व्हय?" म्हणाली आणि आत गेली. तांब्या आणायला.

तर हे असं झालं. झाड जागेवर असलं की ती घरात राहती, आणि ती घरात राहिली की झाड सडतं. झाड वर नेलं की झाड जगतं, आणि ती रस्त्याला लागती. मी आयुष्यात पाणी नसताना ऊस जगवलाय. गारपिटीत द्राक्षाची बाग झोपली ती उभी केलीय. इथं कुठं हात घालावा तेच कळेना. दुसरं झाड ठेवून बघितलं, अळू, ज्याला कितीही पाणी चालतं. तिनं अळूची पानं खुडून सुनेला वड्या करायला दिली आणि म्हणाली, "माझं झाड कुठंय?"

मग मला युक्ती सुचली. पोरानं टरबुजाला मल्चिंग पेपर अंथरला होता, प्लास्टिकचाच असतो तो, त्याचा तुकडा उरलेला. तो कुंडीवर ताणून बसवला. मधी भोक पाडून त्यातून बुंधा वर काढला, बुंध्याभोवती सुतळीनं आवळला. पेपरला उतार दिला. आता तिनं घागर ओतली तरी पाणी पेपरवरून घसरून खाली ठेवलेल्या नळीत, आणि नळीतून कढीपत्त्याच्या आळ्यात. वर थोडा मुरूम पसरला म्हणजे तिला पेपर दिसू नये. तिनं तांब्या ओतला, पाणी गेलं कढीपत्त्याला. ती खूश, मी खूश. जेवताना पोराला सांगितलं, "तुमी शिकलेली माणसं डोकं धरून बसता. बघ, चौथी नापासाचं डोकं."

पोरगा तवा भाकरी कुस्करत राहिला. त्याला घाईत लक्षात आलं नसेल, किंवा त्याला माझा तोंडचा घास काढायचा नसेल.

कढीपत्ता माजला. अडेनियमची पानं परत पिवळी. मी बुंधा दाबून बघत होतो, वरून तर टणक होता. एक दिवस फांदीला नुसता धक्का लागला आणि झाड सुतळीच्या जागेवर मोडून माझ्या हातात आलं. पेपर फाडून बघितलं. आत माती ओलीचिंब, वाफ धरलेली, मुळ्यांचा चिखल. पाणी पेपरवरून जात होतं तितकं जात होतं, पण बुंध्याला धरून थोडं आत उतरत होतं. आणि आत उतरलेलं बाहेर निघायला वाटच नव्हती.

पोरगा शेजारी येऊन बसला. लई हळू म्हणाला, "आण्णा, आपण टरबुजाला मल्चिंग कशापायी करतो?"

कशापायी करतो? ओल उडू नये म्हणून. पेपर मीच त्याला आणायला लावला होता पहिल्यांदा, आणि मीच गावाला सांगत फिरलो होतो की पेपरखाली ओल किती दिवस टिकती. आतून सुनेचा आवाज आला, "आत्या, थांबा, पेला द्या इकडं." पण ती आलीच बाहेर, आणि बुडखा उरलेल्या त्या कुंडीत पाणी ओतून गेली. वर फांद्या नाहीत, पानं नाहीत. तिला काही फरक पडला नाही. कुंडी जागेवर होती.

मोडलेल्या झाडाच्या फांद्या कापल्या, सावलीत वाळवल्या, वाळूत खोचल्या, आणि स्लॅबवर टाकीच्या आडोशाला ठेवल्या. बऱ्याच वाळून गेल्या. एक लागली. फांदीचं झाड पोट धरत नाही म्हणतात, तसा ह्याचाही बुंधा फुगला नाही. काठीसारखं सरळ वाढलं. मी रोज जिना चढून जातो. माझेही गुडघे आता बोलतात, पण ते मी कुणाला सांगत नाही. बुंधा दाबून बघतो. दाबायला बुंधाच नाही म्हणून काठी दाबतो. आणि खाली, ओट्यावर, सडक्या बुडख्याला तिचं पाणी चालूच आहे. त्या कुंडीत आता दुर्वा उगवल्यात. सून त्या चतुर्थीला काढती.

ह्या उन्हाळ्यात वरच्या झाडाला फूल आलं. एकच. पण रंग तोच, आत पांढरा होत गेलेला.

मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. खाली न्यावं की नाही ठरेना. न्यावं तर ती पाणी घालणार. नाही न्यावं तर फूल कशाला आलं? जिच्यासाठी हे सगळं केलं तिनं ते बघायचंच नाही? तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, कुंडी काखेत घेऊन भिंतीला धरून एकेक पायरी उतरलो. ती ओट्यावर बसली होती. मी तिच्यासमोर बसलो, कुंडी मांडीत घेतली.

"बघ."

तिनं बघितलं. लई वेळ बघितलं. बोट लावलं पाकळीला, तोडलं नाही. चिकाचं फूल तोडायचं नाही हे तिला कुठूनतरी अजून ठाऊक आहे. मग तिनं अंगठा पुढं केला आणि काठीच्या बुडाशी दाबून बघितला. मला वाटलं, आली. टणक लागलं की हात झटकून आत जाईल, पहिल्यासारखी.

ती उठली आणि आत गेली. आली तवा हातात तांब्या होता.

झाडाला पाणी नको, असं मी म्हणू शकलो असतो. कितीदा म्हटलंय. तांब्या धरू शकलो असतो. माझ्या हातात अजून एवढी ताकद आहे. पण मी फक्त दोन्ही हात मातीवर आडवे धरले. पंजे उघडे, झाकणासारखे. तिनं तांब्या कलता केला. पाणी माझ्या हातावर पडलं, बोटावरून, मनगटावरून धोतरावर गेलं.

ती थांबली. माझ्या हाताकडं बघितलं. मग डोईवरचा पदर पुढं ओढला आणि तांब्या जरा वर धरून, बारीक धार करून, सावकाश ओतायला लागली. आमच्यात पाहुण्याच्या हातावर असंच पाणी घालतात.

"धुवा," ती म्हणाली. "लांबनं आलासा. ताट वाढते."

मी कुंडीवरून हात बाजूला घेतले, ओट्याच्या कडेला. तिची धार माझ्या हाताबरोबर सरकली. मी हात चोळून धुतले. तांब्या रिकामा झाला.

"कुठल्या गावचं पाव्हणं?"

"हितलाच," मी म्हटलं.

"बसा, घरचे शेतातनं येतीलच," म्हणाली आणि आत वळली. आतून सुनेला सांगताना ऐकू आलं, दोन भाकरी जास्त टाक म्हणून. सून बाहेर डोकावली. माझं भिजलेलं धोतर बघितलं, कुंडी बघितली, आणि परत आत गेली.

मी कुंडीतली माती बोट घालून बघितली. कोरडी होती. जेवायला बोलावेपर्यंत वेळ होता, तेवढ्यात कुंडी वर ठेवून यायला मी उठलो.